काटा टोचला पाहिजे

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे मी धीट वाटले तर तुम्ही फसणार नाही. कुत्रं भुंकलं तरी मी भिंतीला चिकटते. माझा नवरा म्हणतो, "चीमन, तू स्वतःच्या सावलीलासुद्धा आधी वाट देतेस." म्हणू दे. आमच्या कानीसेवमध्ये ज्यांना भीती वाटत नव्हती त्यांतले निम्मे कुबडी घेऊन चालतात आणि बाकीचे गावाच्या वरच्या अंगाला, कबरीत आहेत. भीती न वाटणारी आणि तरीही दोन पायांवर चालणारी एकच बाई मी पाहिली. ती माझी आत्या, शमाम. शेवटी तिलाही भीती वाटली. ती कशी, ते मला सांगायचं आहे.

शमाम म्हणजे आमच्याकडचं मुठीएवढं, घमघमणारं खरबूज. नाव ठेवताना आजीला काय दिसलं कोण जाणे. आत्या बुटकी, रुंद खांद्यांची, आणि तिचा आवाज असा की तिने अंगणातून गाढवाला हाकललं तर शेजारची माणसं उठून उभी राहायची. बर्फ वितळल्यापासून पुढे दोन महिने तिची बोटं काळी असायची. कंगर कापला की पांढरा चीक निघतो, तो बोटांना चिकटतो आणि वाळून काळा पडतो. साबणाने जात नाही, राखेने जात नाही. लोण्याने थोडासा जातो, पण त्या दिवसांत लोणी बोटांना चोळायला कुणाकडे होतं?

कंगर हा आमच्या डोंगराचा काटेरी रहिवासी. त्याला मऊ माती मानवत नाही, पाणी साचलेलं शेत तर मुळीच नाही. दगडगोट्यांचा, उन्हावाऱ्याचा उतार दिला की खूश. बर्फ हटलं की जमिनीतून जांभळट कोंब डोकं काढतो आणि आठवड्याभरात पानं पसरतो, पांढऱ्या शिरांची, कडेला काटे असलेली. तेवढे पंधरावीस दिवस तो खायचा. दह्यात शिजवा, अंड्यावर परता, नुसता मिठाच्या पाण्यात उकडा. नंतर तो असा टणक होतो की शेळीसुद्धा तोंड फिरवते. भर उन्हाळ्यात तो मानेपाशी मोडतो आणि वारा त्याला लोळवत नेतो. बी सांडत सांडत ते काटेरी गोळे येऊन आमच्या बांधाला अडकतात. मूळ मात्र जागचं हलत नाही. मनगटाएवढं जाड, हातभर खोल, पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच कोंब. बी रुजून आलेलं पिल्लू पहिल्या वर्षी एखाददुसरं पान काढून गप्प बसतं, त्याची भाजी व्हायला कितीतरी वर्षं जावी लागतात.

आणि एक. दरवर्षीची पानं वाळली की त्यांचे तपकिरी तंतू कंगराच्या मानेभोवती राहतात, थरावर थर. जुना कंगर थंडीतल्या म्हाताऱ्यासारखा गळपट्टा गुंडाळून बसलेला दिसतो. आत्या त्या थरांत बोट घालून सांगायची, "हा माझ्या लग्नाच्या आधीचा." मग आम्ही विचारायचो, "आत्या, लग्नाला आला होता का हा?" ती म्हणायची, "आला होता. तुझ्या बापापेक्षा चांगला नाचला."

युद्धात शिपायांनी आमच्या गावामागच्या डोंगरावर तळ ठोकला आणि उतारावर सुरुंग पेरले. वर माथ्याजवळ दाट, खाली कुठे कुठे. पुढे सरकारने गावच पाडलं आणि आम्हाला सपाटीवरच्या छावणीत नेऊन टाकलं. चार वर्षांनी परत आलो तेव्हा घरांची जोती होती, झरा होता आणि तो उतार होता. आत्याचा नवरा, कादिर मामा, चौथ्या दिवशी आपला अक्रोड जिवंत आहे का ते पाहायला वर गेला. आवाज झाला तेव्हा मी पीठ मळत होते. त्याला खाली आणलं ते घोंगडीत. त्या दिवसापासून उताराकडे कुणी पाय केला नाही, शेळी वर गेली तरी तिला देवावर सोडायचे.

तो हिवाळा भुकेचा गेला. गव्हाचा भरडा, चहा, पुन्हा गव्हाचा भरडा. आत्या रोज बांधावर बसून उताराकडे बघत राही. आम्हाला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय. बर्फ वितळलं, कंगर वर आला आणि एका सकाळी ती माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, कादिर पडला त्या खड्ड्याच्या आसपास जुना कंगर एकही नाही. नुसत्या बारीक काड्या आहेत."

"मग?"

"मुळाला कुदळ लागली की कंगर पुढे अशा चार-पाच काड्या काढतो. न दुखावलेला एकच जाड मान काढतो. शिपाई येऊन झाली दहा वर्षं. ज्याचा गळपट्टा त्याहून जुना, त्याच्या बुडाशी कुणी खणलेलं नाही. खणलेलं नाही तर पुरलेलं नाही."

वडील म्हणाले, "शमाम, तू घरी बस."

ती बसली नाही. सगळं गाव बांधाशी उभं राहिलं, बायका रडायला लागल्या, माझे वडील शिव्या देत होते, आणि ती एका जुन्या कंगरापासून दुसऱ्या जुन्या कंगराकडे, अशी पाय टाकत गेली. प्रत्येक गड्ड्याच्या वरच्या अंगाला पालापाचोळा, माती अडकून छोटी पायरी झालेली असते. ती नेमकी तिथे पाऊल ठेवायची, म्हणजे घसरायला नको. दुपारी पोतं भरून खाली आली. त्या संध्याकाळी चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही दह्यातला कंगर खाल्ला, आणि वडील रडत रडत तीनदा वाढून घेत होते.

पुढे तिच्यामागे नऊ बायका जाऊ लागल्या, त्यांत मीही. तिच्या ठशात आपला पाय. रांग चुकायची नाही, बोलायचं नाही, पोतं खांद्यावरून घसरलं तर घसरू द्यायचं. कापायची रीतही तिचीच. सुरी तिरकी घालायची, दोन बोटं खाली, पांढरी मान तेवढी घ्यायची आणि मुळाला धक्का लावायचा नाही. गावातले पुरुष म्हणायचे, "मुल्लाच्या मागे नमाजाला इतकी रांग नसते." आत्या ओरडून सांगायची, "मुल्ला जेवायला घालतो का?" तीन वर्षं असं चाललं. एकीच्या नखालाही काही झालं नाही. मी दर वेळी वर जाताना कुराणातलं जेवढं पाठ होतं तेवढं पुटपुटायची आणि खाली आल्यावर झऱ्यामागे जाऊन ओकायची. हे कुणाला माहीत नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या हंगामात आत्याचं हप्साशी बिनसलं. हप्सा आमची शेजारीण, चांगली उंचपुरी, आत्याइतकीच तोंडाळ. ती सुरी खोल घालायची, म्हणजे मान मोठी निघते. आत्याने सगळ्यांसमोर तिला झापलं, "तू मुळासकट खातेस. पुढच्या वर्षी दगड उकडून खा." हप्साला ते लागलं. "डोंगर तुझ्या बापाने आणलाय का?" म्हणाली, आणि रांगेतून निघून गेली. उताराच्या मधून एक खडकाची धार सरळ वर जाते. तिच्या अलीकडे आत्याची वाट. हप्साने पलीकडची बाजू धरली आणि एकटी जाऊ लागली. नियम मात्र आत्याचाच. जुन्या कंगरापाशी पाय, वरच्या अंगाला. हिवाळाभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, झऱ्यावर घडा भरतानाही एक आली की दुसरी तोंड फिरवायची.

त्या हिवाळ्यात बर्फ उंबऱ्याच्या वर चढलं. मग त्याच बर्फावर चार दिवस पाऊस कोसळला. डोंगर घळाघळा वाहिला. झऱ्याचं पाणी लाल झालं, बांधाचा एक कोपरा चिखलाने पडला. पाणी ओसरल्यावर आत्या बांधावर उभी राहून बराच वेळ पाहत होती. मी विचारलं, "आत्या, सगळं हललंय गं. यंदा नको जाऊया."

"काय हललंय?" ती तिने नावं ठेवलेले जुने कंगर एकेक करून दाखवू लागली. "तो बघ, तो दुकट्या. तो वाकडा. म्हातारा. सगळे जागच्या जागी. कंगर हलला नाही तर माती कुठे हलली?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं, कारण घरात भरड्याशिवाय काही नव्हतं.

त्या सकाळी आम्ही दोघीच निघालो. बाकीच्या भाकरी भाजून मागून येणार होत्या. आत्या पुढे, मी मागे. मी फक्त तिच्या टाचांकडे बघते, इकडेतिकडे नाही. चिखल ओला होता, तिच्या रबरी बुटाचा ठसा स्वच्छ उठत होता आणि मी त्यात माझा पाय बसवत होते. वीस-एक पावलं गेलो असू. ती एका मोठ्या कंगरापाशी टेकली आणि नेहमीसारखा वरच्या अंगाचा कचरा डाव्या हाताने बाजूला करू लागली. मागच्या वर्षीच्या काड्या, गवत, शेळीच्या लेंड्या, सगळं भिजून गच्च झालेलं. उजव्या हातात सुरी.

कचऱ्यात मला काहीतरी गोल दिसलं.

बुटाच्या पॉलिशची डबी असते तेवढं. मातकट रंगाचं, प्लास्टिकचं, कड पानांत रुतलेली. तिच्या सुरीपासून वीतभर. असलं गोल मी कादिर मामा गेला त्या आठवड्यात पाहिलं होतं, शहरातून आलेल्या सुरुंग काढणाऱ्या माणसांनी एक उचलून बांधावर ठेवलं होतं.

ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच आला नाही. आमच्या बायकांच्या लांब बाह्या पाठीमागे गाठ मारून टाकलेल्या असतात. मी आत्याची ती गाठ धरली आणि ओढली.

"काय गं? लघवी लागली का?"

मी पुन्हा ओढली.

"चीमन, सोड. पोरकटपणा करायची ही जागा आहे का?" ती मान वळवून माझ्याकडे बघायला लागली आणि माझ्या डोळ्यांवरून तिने पाहिलं की मी कुठे बघतेय. मग तिने पाहिलं. तिचा डावा हात कचऱ्यातच होता. तिने एकेक बोट वर घेतलं. अंगठा सगळ्यात शेवटी. कंगराची पानं अगदी थोडी हलली आणि मला वाटलं, झालं, आता आवाज येणार.

आला नाही.

आत्याने सुरीचा हातही मागे घेतला. मग तिने खालच्या कंगराकडे पाहिलं, जिथे माझा पाय होता. त्याच्या खालच्या. त्याच्याही खालच्या. प्रत्येकाच्या वरच्या अंगाला पुराचा ताजा कचरा तटलेला होता, आणि प्रत्येक कचऱ्याच्या कडेला आमच्या बुटांचा ठसा होता. मला तेव्हा काही कळलं नाही. मला एवढंच दिसलं की तिचा चेहरा राखेसारखा झालाय. आत्याचा चेहरा तसा मी कादिर मामाच्या वेळीही पाहिला नव्हता.

"वाहून आलं," ती म्हणाली. "वरून. आणि यांनी अडवलं. पानांत धरून ठेवलं." मग एकदम म्हणाली, "हप्सा."

हप्सा पहाटेच पलीकडे गेली होती. आम्ही तिला जाताना पाहिलं होतं आणि आत्याने थुंकल्यासारखं केलं होतं.

खाली उतरलो ते आमच्याच ठशांवरून, मागे मागे सरकत. ज्या ठशात पाय पडून गेला तो ठसा तरी आपला होता. बांधाशी पोचलो. आत्या म्हणाली, "तू घरी जा." मी गेले नाही. कसला धीर न् कसलं काय, एकटीने भिण्यापेक्षा दोघींनी मिळून भिणं मला बरं वाटलं. आम्ही खडकाच्या धारेवर चढलो, हातापायांनी. नुसत्या खडकात कुणाला सुरुंग पुरता येत नाही आणि त्यावर पुराचं काही थांबतही नाही. ती एकच जागा आता आमची होती.

वर गेल्यावर हप्सा दिसली. धारेपासून सहा कंगरांपलीकडे, पाठमोरी, उकिडवी बसलेली. पोतं अर्धं भरलं होतं. ती गुणगुणत होती.

"हप्सा! हात बाहेर काढ!"

तिने मान वळवली. "आलीस का माझ्या मागावर? सकाळी सकाळी दुसरं काम नाही?"

"सुरी खाली ठेव. वाहून आलेत. कंगराच्या कचऱ्यात आहेत."

"हो ना. आणि नेमके माझ्याच बाजूला आहेत. चांगली मान लागली की शमामबाईला सुरुंग दिसतात." तिने सुरी पुन्हा घातली. मला सुरी मुळाला लागल्याचा कर्रर्र आवाज ऐकू आला. मी दोन्ही हातांनी कान झाकले.

मीच ओरडले, "हप्सामावशी, मी पाहिला! खरंच पाहिला!"

"तू तर सरड्यालासुद्धा सुरुंग म्हणतेस, चीमन. जा, तुझ्या आत्याला चहा कर."

आत्याने दम घेतला. तिच्या मानेवरची शीर उडत होती. मग ती इतक्या हळू बोलली की एरवी गाढव हाकलणारा तो आवाज आम्हाला ओळखू येईना.

"हप्सा. माझं चुकलं."

हप्सा थांबली. उभ्या आयुष्यात तिने, मी, कुणीच हे शब्द त्या तोंडातून ऐकले नव्हते. कादिर मामाशी भांडताना नाही, वडिलांशी नाही, पोतं हरवलं तेव्हा नाही.

"काय म्हणालीस?"

"माझं चुकलं गं. तीन वर्षं चुकलं. खणलेलं नाही एवढंच कंगर सांगतो. वाहून आलेलं तो सांगत नाही. तो अडवून ठेवतो. तू बसलीस ना, तुझ्या गुडघ्यापुढचा कचरा बघ. हात लावू नको. नुसता बघ."

हप्साने पाहिलं. सुरी तिच्या हातातून सुटली आणि पोत्यावर पडली. "झाकणासारखं काहीतरी आहे," ती म्हणाली. "डब्याचं असेल. शमाम, डब्याचं असेल का गं?" आणि ती उठायला लागली.

"हलू नकोस!"

ती अर्धी उठलेली, अर्धी बसलेली, तशीच राहिली. तिचे पाय थरथरत होते ते आम्हाला धारेवरून दिसत होते. ती आली होती खालून, गवताच्या पट्ट्यावरून. तिथे ठसे उठत नाहीत. कुठून आली ते तिला स्वतःला सांगता येत नव्हतं. धार जवळ, सहा कंगर मध्ये. मोकळ्या मातीवर पाय टाकावा तर ती शिपायांनी खणलेली असेल. कंगरापाशी टाकावा तर पुराने काय आणून ठेवलंय कोण जाणे. मी मनात म्हणत होते, देवा, मला घरी असू दे, मी इथे नाहीच असं कर.

आत्या खडकावर पालथी पडली आणि पहिल्या कंगराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खालचं अंग."

"काय?"

"पाणी वरून येतं. जे काही आणतं ते वरच्या अंगाला तटतं. खालच्या अंगाला काही पोचत नाही. आणि बुडाशी खणलेलं नाही, ते तर खरंच आहे. हप्सा, कंगराच्या पाठीला पाय ठेवायचा. तोंडाला नाही, पाठीला. इतका चिकटून की काटा घोट्याला टोचला पाहिजे. टोचला नाही तर पाय चुकला."

हप्सा म्हणाली, "नक्की?"

आत्या एरवी म्हणाली असती, नक्की. ती म्हणाली, "नाही. नक्की नाही. दुसरं काही मला सुचत नाही."

"मग तू आधी चाल," हप्सा म्हणाली आणि रडायला लागली. "तूच शिकवलंस ना? तू चाल. मी नाही चालणार."

मी आत्याची बाही धरली. "आत्या, जाऊ नको. शहरातून ती काढणारी माणसं बोलावू. दोन दिवस लागतील, ती तशी बसेल, मी भाकरी फेकीन तिच्याकडे."

"तिचे पाय बघ," आत्या म्हणाली. "ती दोन घटकासुद्धा तशी राहत नाही." तिने माझी बोटं सोडवली आणि धारेवरून उतरली.

खालच्या अंगाला पायरी नसते. तिथून माती निसटते. पहिल्या कंगराला तिने हाताने पानं धरली, उघड्या तळव्याने, आणि पाय टेकवला. "टोचला," म्हणाली. माझ्यासाठी नाही, हप्सासाठी. दुसऱ्याला पाय घसरला. बोटभरच, पण माझ्या तोंडून किंकाळी निघाली आणि उतारावरून चार चकोर पक्षी फडफडत उडाले. आत्याने पानं घट्ट धरली. मग पाय पुन्हा वर घेतला, कंगराला घासून. "टोचला." तिसरा. चौथ्याच्या वरच्या अंगाला कचऱ्याचा हा मोठा ढीग होता, त्यात काय होतं देव जाणे, तिने तिकडे पाहिलंच नाही. "टोचला." पाचवा. सहाव्याला तिने हप्साचं मनगट धरलं आणि दोघी बायका एका काटेरी झुडपाला बिलगून उभ्या राहिल्या.

"आता तू पुढे. माझ्या ठशात. मी पाठीशी आहे."

"पोतं?"

"पोत्याला आग लाव."

हप्सा निघाली. दर पावलाला आत्या मागून विचारायची, "टोचला?" आणि हप्सा लहान मुलीसारखी सांगायची, "टोचला." दुसऱ्या कंगराशी, जिथे आत्या घसरली होती, हप्सा अडली. "ठसा मोडलाय. कुठे ठेवू?" आत्या म्हणाली, "मोडलेल्याच्या वरच्या टोकाला. पानं धर. दोन्ही हातांनी." हप्साने पानं धरली, तिच्या तळव्यातून रक्त आलं. मी धारेवरून पालथी होऊन हात पुढे केला होता. तिने माझी बाही पकडली आणि ती वर आली, आणि तिच्यामागून आत्या.

तिघींचे घोटे आणि हात टोचल्याच्या लाल ठिपक्यांनी भरले होते, म्हणजे त्या दोघींचे. माझे कोरडे होते. मी नुसती ओरडले होते.

खडकावर आल्यावर आत्या उभी राहिली नाही. तिचे पाय गेले. एक पाऊल टाकता येईना. मी आणि हप्साने तिला दोन्हीकडून धरून, बुडावर सरकत सरकत, धारेवरून खाली आणलं. तिचे दात वाजत होते. मी जन्मभर भीती ओळखते, म्हणून ती मला लगेच ओळखू आली. फक्त ती कुणाच्या अंगात शिरलीय याच्यावर विश्वास बसत नव्हता.

माझी किंकाळी ऐकून रांगेतल्या सगळ्या बायका बांधाशी धावत आल्या होत्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या डोक्यावरचा रुमाल सुटलेला. नाझदार विचारत होती, "काय झालं? कोण गेलं?" कुणी गेलं नव्हतं. हप्साने सांगायला सुरुवात केली आणि तिला हुंदका आला, मग मीच सांगितलं, जमेल तसं. सुरुंग वाहून येतात. कंगर त्यांना अडवतो. वरच्या अंगाला. आपण पाय ठेवतो तिथे.

प्रत्येकीच्या डोळ्यांत दिसत होतं की ती मागे जातेय, या वर्षाच्या मागे, गेल्या वर्षाच्या, त्याच्याही. पाऊस तर दरवर्षी पडतो. बर्फ दरवर्षी वितळतं. मला वाटायचं भीती पुढच्या पावलाची असते. तिथे उभं राहून मला टाकून झालेल्या पावलांची भीती वाटायला लागली, आणि त्यांचं तर काहीच करता येत नव्हतं. पहिली दोन वर्षं मी माझ्या लेकीला, शीलानला, पाठीला बांधून वर नेत होते.

आत्या जमिनीवर बसली होती. ती कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती पायांकडे बघत होती. मग ती हातावर पुढे सरकली आणि नाझदारच्या बुटांना हात लावला. एका बुटाला, मग दुसऱ्याला. "दोन," म्हणाली. बाजूच्या बाईच्या पायांना. "चार." कुणाला काय करावं कळेना. एकजण मागे सरली तर आत्याने तिचा घोटा घट्ट धरला. "उभी राहा. सहा." ती अशी सगळ्यांपुढून सरकत गेली, चिखलातून, गुडघ्यांवर. हप्साचे रक्ताळलेले पाय तिने दोनदा मोजले. माझ्यापाशी येऊन अठरा म्हणाली. मग आपल्याच पायांकडे बघून म्हणाली, "वीस." आणि डोकं वर केलं.

"आणखी दोन," ती म्हणाली. "चीमन, आणखी दोन कुठेत?"

मी घरात गेले. शीलान चुलीशी बसून भाकरीचा तुकडा चघळत होती. तिला तशीच उचलून आणली. आत्याने तिला मांडीवर घेतलं, तिचे मोजे काढले आणि दोन्ही तळवे आपल्या काळ्या हातांत धरले. ते पाय त्या उतारावर कधी टेकलेही नव्हते. शीलानला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली, पाय झाडू लागली.

"बावीस," आत्या म्हणाली आणि रडली. कादिर मामाच्या मयताला न रडलेली बाई, मोठ्याने, गाव ऐकेल अशी. रडता रडता तिने मला विचारलं, "किती वेळा गेलो गं आपण वर? तिला घेऊन किती वेळा?"

मला माहीत होतं. दर खेपेला झऱ्यामागे मी मोजत आले होते. मी म्हटलं, "आठवत नाही, आत्या."